स्वरांचा साक्षी : गोविंदराव टेंबे

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या दिवंगत थोर व्यक्तीचा परिचय करून देण्यात येतो. असे लेख वाचून तरुण पिढीस सन्मार्गाची प्रेरणा मिळावी, हा त्यामागील हेतू असतो. राजकारण, धर्मकार्य आणि समाजसेवा ह्या क्षेत्रांतील थोरांची चरित्रे आपण पुष्कळ वाचली आहेत. यंदा एका कलावंताचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. गोविंद सदाशिव टेंबे हे त्यांचे नाव. नाट्यपदांना अवीट चाली देणारे संगीतकार आणि पेटीवादनातील सिद्धहस्त कलावंत म्हणून ते महाराष्ट्रास ठाऊक आहेत. परंतु त्यांनी हाती लेखणी धरून मराठी भाषेची जी सेवा केली, तिचा उल्लेख क्वचितच होतो. ती सेवा त्यांच्या चालींहून कमी मोलाची नाही, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात अल्पसा प्रयत्न आहे.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी झाला आणि त्यांचे बालपण कोल्हापुरात गेले. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे कलावंतांचे माहेरघर होते. १८९४ साली छत्रपती शाहू महाराजांनी राज्यसूत्रे हाती घेतली. मल्लविद्येप्रमाणेच गायनवादनासही त्यांनी उदार आश्रय दिला. जयपूर परंपरेचे थोर गायक अल्लादियाखाँ कोल्हापूर दरबारात आले, तेही महाराजांच्याच कारकीर्दीत. १८८३ साली स्थापन झालेला देवल क्लब हेही त्या नगरीचे एक भूषण होते. गावोगावचे गवई, सतारिये आणि तबलजी तेथे हजेरी लावीत. जाणते रसिक समोर बसून ऐकत आणि बैठक संपल्यावर गाण्याची चर्चा करीत.

ह्या क्लबाच्या वातावरणात गोविंदरावांचा कान तयार झाला. गुरूच्या घरी गंडा बांधून, वर्षानुवर्षे तालीम घेऊन ते गवई झाले नाहीत. ऐकणे, ऐकलेले मनात घोळविणे आणि मग ते पेटीवर उतरविणे, हीच त्यांची शाळा होती. आपल्या संगीतातील घडणीचे श्रेय ते देवल क्लबास देत असत. अल्लादियाखाँ ह्यांच्यापाशी त्यांनी रीतसर शिक्षण घेतले नव्हते, तरीही मनाने ते खाँसाहेबांनाच गुरुस्थानी मानीत. एकलव्याची कथा आपण मुलांना सांगतो. अशी निष्ठा नजीकच्या काळातही दिसून येते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

पेटी हे वाद्य तेव्हा नवे होते आणि परदेशातून आलेले होते. जाणकारांचा त्याच्यावर एक मोठा आक्षेप असे. पेटीच्या पट्ट्या ठरावीक स्वरांच्या असतात. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही, आणि आपल्या रागांतील स्वरांचे सूक्ष्म चढउतारही तिच्यात सापडत नाहीत. हा आक्षेप खोटा नाही. परंतु ह्याच वाद्यावर गोविंदरावांनी असे प्रभुत्व मिळविले की, पेटी साथीपुरती न राहता स्वतंत्र वादनासाठी ऐकली जाऊ लागली. गायनाचार्य भास्करबुवा बखले ह्यांच्या सहवासात त्यांनी गायकीचा मर्म जाणण्यापर्यंत अभ्यास केला. त्यांची पेटी गळ्यामागून चालत असे आणि म्हणूनच ती गाणारी वाटे. पुढे १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीला आपल्या केंद्रांवर बंदी घातली. ती उठण्यास १९७१ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या वाद्याने गोविंदरावांना कीर्ती दिली, त्यास नभोवाणीचे दार पुन्हा उघडलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्यांच्या आयुष्यास खरे वळण मिळाले ते १९११ साली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली शाकुंतल आणि १८८२ साली सौभद्र रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी संगीत नाटकांतील पदांच्या चाली बहुधा नाटककारच योजीत असे. साकी, दिंडी, कीर्तनातील चाली, लोकांच्या तोंडी असलेली गाणी आणि काही कर्नाटकी वळणे ह्यांतून हे भांडार भरले होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी मानापमान हे नाटक लिहिले, तेव्हा चालींचे काम एका स्वतंत्र संगीतज्ञाकडे सोपविण्यात आले. हे संगीतज्ञ म्हणजे तीस वर्षांचेही न झालेले गोविंदराव टेंबे. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने ह्या नाटकाचा पहिला प्रयोग केला. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते. त्याच दिवशी त्यांच्या लहान कन्येचा मृत्यू झाला होता, तरीही प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून ते रंगभूमीवर उभे राहिले.

त्या रात्री प्रेक्षकांनी जी पदे ऐकली, त्यांचे वळण अगदी निराळे होते. उत्तर हिंदुस्थानातील पूरब भागात ठुमरी, दादरा, कजरी, चैती आणि गझल हे प्रकार गाइले जातात. त्यांच्या चाली गोविंदरावांनी मराठी पदांसाठी निवडल्या होत्या. हे काम वरून सोपे दिसले तरी तसे नाही. हिंदी चिजेचा मुखडा जेथून उठतो तेथूनच मराठी शब्दही उठावा लागतो. तालाची सम ज्या अक्षरावर येते, ते अक्षर वजनदार असावे लागते. शिवाय पात्राचा स्वभाव आणि नाटकातील प्रसंग ह्यांच्याशी चालीचा मेळ बसला पाहिजे. रागातील भामिनी आणि अनुरक्त झालेली भामिनी एकाच ढंगाने गाऊन कसे चालेल? ह्या सर्वांचा विचार गोविंदरावांनी केला, म्हणूनच शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी मानापमानातील पदे आजही मैफलीत गाइली जातात.

ह्या नव्या संगीतामुळे एक मोठी गोष्ट साधली. ठुमरी आणि गझल ऐकावयाची तर एरवी धनिकांच्या दिवाणखान्यात किंवा गाणारणीच्या कोठीवर जावे लागे. प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना ते शक्यच नव्हते. ते संगीत तिकीट काढून नाटकास येणाऱ्या कारकुनापर्यंत, मास्तरापर्यंत आणि घरच्या मायबहिणींपर्यंत पोहोचले. नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या माथ्यावर मूळ चिजेचा निर्देश करण्याची पद्धत असे. त्यावरून हौशी मंडळी मूळ चिजांचाही शोध घेऊ लागली. मात्र ह्या यशाला दुसरीही बाजू होती, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पदे इतकी आवडू लागली की, प्रेक्षक पुनःपुन्हा फर्माईश करीत, प्रयोग पहाटेपर्यंत लांबत आणि गाण्याच्या भरात कथानक मागे पडे. मराठी संगीत नाटकाच्या टीकाकारांनी ह्यावर पुढे बरेच लिहिले आहे. त्यांचे म्हणणे सर्वस्वी अनाठायी नव्हते.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे किर्लोस्कर मंडळीतून वेगळे झालेल्यांचे अग्रणी ठरले आणि गंधर्व नाटक मंडळीची स्थापना झाली. गोविंदराव केवळ मालकांपैकी एक नव्हते, तर बालगंधर्वांसमोर नायकाच्या भूमिकाही ते करीत. मृच्छकटिकातील त्यांचा चारुदत्त प्रसिद्ध होता. काही वर्षांनी ते गंधर्व मंडळीतून बाहेर पडले. त्यांनी शिवराज नाटक मंडळी चालविली, स्वतः नाटकेही लिहिली. तथापि नाटक कंपनी चालविणे म्हणजे पन्नास-पाऊणशे माणसांचा संसार गाडीवर लादून गावोगाव फिरणे होय. त्या व्यवसायात भल्याभल्यांचे हात पोळले. गोविंदरावांची प्रतिभा जमाखर्चाच्या वहीत रमणारी नव्हती.

मानापमानाच्या संगीताची थोरवी आणखी एका प्रसंगाने सिद्ध झाली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ह्या नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व आणि ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी त्या दिवशी एकाच रंगमंचावर उभे राहिले. लोकमान्य जाऊन अद्याप वर्षही झाले नव्हते. संगीत नाटक हे राष्ट्रकार्याच्या उपयोगी पडू शकते, ह्याची ती साक्ष होती. पुढे तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव ऐन तारुण्यात निवर्तले.

१९३१ साली हिंदुस्थानात बोलपट सुरू झाला. जुन्या नाटकवाल्यांपैकी पुष्कळांनी त्याकडे शत्रू म्हणून पाहिले, आणि काही वर्षांतच त्याने नाटक कंपन्यांची दुर्दशा केली हेही खरे. गोविंदरावांनी मात्र वयाच्या पन्नाशीत ही नवी कला आपलीशी केली. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने व्ही. शांताराम ह्यांच्या दिग्दर्शनाखाली अयोध्येचा राजा हा बोलपट काढला आणि तो फेब्रुवारी १९३२ मध्ये प्रकाशित झाला. त्यात राजा हरिश्चंद्राची भूमिका गोविंदरावांनी आणि तारामतीची दुर्गाबाई खोटे ह्यांनी केली. संगीतही गोविंदरावांचेच होते. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नटाने अभिनय करता करता स्वतः गावयाचे, वादकांनी छायायंत्राच्या कक्षेबाहेर बसून वाजवावयाचे, आणि कोणाचीही चूक झाली तर सर्वांनी पहिल्यापासून आरंभ करावयाचा, असा तो काळ होता. रंगभूमीवर अर्धा तास रंगणारे पद येथे मोजक्या मिनिटांत बसवावे लागे. त्याच वर्षीच्या माया मच्छिंद्र ह्या बोलपटातही त्यांनी भूमिका केली. अशा रीतीने मराठी नाट्यसंगीत आणि मराठी चित्रपटसंगीत ह्या दोहोंच्या उंबरठ्यावर हा एकच पुरुष उभा असलेला दिसतो.

येथवरची हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. आता त्यांच्या ग्रंथांकडे वळू. १९३९ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी माझा संगीत व्यासंग हे पुस्तक प्रसिद्ध केले. १९४८ साली माझा जीवनविहार हे आत्मचरित्र आले. कल्पना संगीत हा त्यांचा आणखी एक ग्रंथ. आणि १९५४ साली, अल्लादियाखाँ पैगंबरवासी झाल्यावर आठ वर्षांनी, त्यांनी खाँसाहेबांचे चरित्र मराठी वाचकांच्या हाती दिले. पुढे वर्षभरातच, ९ ऑक्टोबर १९५५ रोजी, त्यांची प्राणज्योत मालवली. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी दुसऱ्याचे चरित्र लिहून गुरुऋण फेडले, ही गोष्ट मनास स्पर्श केल्यावाचून राहत नाही.

ह्या ग्रंथांचे महत्त्व समजण्यासाठी एक साधी वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. भास्करबुवा बखले १८६९ साली जन्मले आणि १९२२ साली वारले. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन परंपरांची विद्या त्यांनी मिळविली होती आणि मास्तर कृष्णराव, बालगंधर्व ह्यांच्यासारखे शिष्य घडविले होते. त्यांच्या गायनाची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. अल्लादियाखाँ १८५५ ते १९४६ असे दीर्घ आयुष्य जगले. तरुणपणी अतिश्रमाने त्यांचा आवाज बिघडला. तेव्हा बदललेल्या आवाजाला साजेल अशी पेचदार, डौलदार गायकी त्यांनी नव्याने निर्माण केली, आणि केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर ह्यांच्याद्वारे ती जगापुढे आली. परंतु स्वतः खाँसाहेबांनी आपला आवाज तबकडीवर उतरवू दिला नाही. म्हणजे ज्या दोन गायकांनी महाराष्ट्राच्या संगीतास वळण लावले, त्यांचा स्वर आज कोणासही ऐकता यावयाचा नाही. तो ऐकलेली माणसेही राहिली नाहीत. उरली आहेत ती शिष्यांच्या गळ्यातील परंपरा आणि गोविंदरावांसारख्या साक्षीदाराने लिहून ठेवलेली पाने.

कोणी म्हणेल, संगीतावर ग्रंथ लिहिणारे गोविंदराव काही एकटे नव्हते. ते बरोबर आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी घराण्याघराण्यांतून चिजा जमवून त्या स्वरलिपीत छापल्या. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून संगीतशिक्षणाची पाठ्यपुस्तके तयार केली. त्या दोघांचे ऋण अपार आहे. परंतु स्वरलिपी ही भाषेच्या व्याकरणासारखी असते. कोणता स्वर कोणत्या मात्रेवर, हे ती सांगते. तो स्वर लावताना गवई किती थांबला, समोरच्या जाणकारांनी मान का डोलविली, एकाच रागाची मांडणी दोघा उस्तादांनी निराळी कशी केली, हे तिच्यात मावत नाही. त्यासाठी जाणता कान आणि सरळ लेखणी दोन्ही लागतात. गोविंदरावांपाशी ती दोन्ही होती. ते स्वतः वादक, नट, संगीतकार आणि कंपनीचे मालक राहिलेले असल्यामुळे त्यांचे लेखन काठावर उभे राहून केलेले नव्हते. त्यांच्या पिढीनंतर केशवराव भोळे ह्यांनी एकलव्य ह्या टोपणनावाने गायकांवर लिहिले आणि वामनराव देशपांडे ह्यांनी १९६१ साली घरंदाज गायकी हा ग्रंथ दिला. मराठीतील संगीतसमीक्षेची ही परंपरा आज समृद्ध आहे. तिच्या आद्य घडविणाऱ्यांत गोविंदरावांची गणना केली पाहिजे.

ह्या चरित्रातून ज्ञातिबांधवांनी घ्यावयाची एक गोष्ट आहे. ज्ञातीच्या स्मरणिकेत आपण आपल्या माणसांचा गौरव करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु विद्या मात्र ज्ञातीच्या कुंपणात वाढत नाही. भास्करबुवांनी नत्थनखाँ, फैज महंमदखाँ आणि अल्लादियाखाँ ह्या मुसलमान उस्तादांच्या पायाशी बसून गायन मिळविले. कोल्हापूरच्या एका मराठा राजाने त्या उस्तादांपैकी एकास राजाश्रय दिला. कोठीवरच्या गाणारणींनी जतन केलेली ठुमरी नाटकमंडळीच्या रंगमंचावर आली आणि सर्व जातींच्या प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. हा सारा व्यवहार गोविंदरावांनी लिहून ठेवताना कोणाचेही देणे लपविले नाही. ज्याच्याकडून जे मिळाले ते त्याच्या नावावर जमा केले. विद्येच्या व्यवहारातील ही सचोटी आपल्या मुलांस शिकविण्याजोगी आहे.

दुसरी गोष्ट आपल्या गावासंबंधी आहे. आपल्या जुन्या जालन्यात संगीत नाही असे कोण म्हणेल? आनंदीस्वामींच्या मंदिरात आषाढीस भजनाचा गजर होतो. लग्नघरी हळदीची गाणी होतात, आणि जात्यावरच्या ओव्या ज्यांनी तरुणपणी स्वतः म्हटल्या अशा वृद्ध माता अजूनही काही घरांत आहेत. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य शाळेत गेले. सिनेमातील गाणे तालासुरात म्हणणारी मुले त्याने पुष्कळ पाहिली. ह्या गाण्याची चाल कोणी बांधली असे विचारले, तर मात्र वर्गात शांतता पसरे. दोष मुलांचा नाही, कारण त्यांस सांगितलेच कोणी नाही. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे, म्हणून लिहिण्याची गरज संपली असे कोणी समजू नये. यंत्र आवाज साठवील. परंतु ती चाल कोणत्या आळीतून आली, कोणत्या आजीने कोणत्या सणास म्हटली, पूर्वी ती निराळी होती काय, हे यंत्रास विचारून कळत नाही. ते माणसानेच लिहावे लागते.

म्हणून समाजातील सुशिक्षित तरुण-तरुणींना विनंती आहे की, त्यांनी एक वही घ्यावी आणि घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसून गाणी, त्यांच्या चालींचे प्रकार, ती गाण्याचे प्रसंग आणि गाणाऱ्यांची माहिती उतरून घ्यावी. मंडळाने पुढील स्मरणिकेत अशा टिपणांसाठी काही पाने राखून ठेवावीत. गोविंदराव टेंबे ह्यांनी थोर गवयांसाठी जे केले, ते आपण आपल्या आजीसाठी आणि आपल्या आळीतील भजनी बुवांसाठी थोड्या प्रमाणात का होईना, करू शकतो. हे काम करण्यास मोठी पदवी लागत नाही. लागते ती ऐकण्याची आवड, ऐकलेले जसेच्या तसे लिहिण्याचा प्रामाणिकपणा आणि थोडी घाई. कारण सांगणारी माणसे वृद्ध झाली आहेत.